डावा मोठा, उजवा लहान

रविवार, ४ फेब्रुवारी

प्रिय बेडके,

तुझं पत्र बुधवारीच मिळालं. उत्तराला उशीर झाला त्याबद्दल रागावू नकोस, दुकानात गणवेशांचं काम आलंय. पोरं वर्षभरात एवढी वाढतात की सगळ्यांच्या पँटी घोट्याच्या वर गेल्यात, आणि सगळ्या आयांना त्या उद्याच खाली करून हव्या आहेत. मास्तर आता कात्रीला हात लावत नाहीत. ते काउंटरवर बसून गिऱ्हाइकांशी गप्पा छाटतात, कापड मी छाटते. बाकी इकडे सगळं ठीक. सुईत दोरा ओवताना चष्मा शोधावा लागतो, आणि तो बहुतेक डोक्यावरच असतो.

तू फोनवर न विचारता लिहून विचारलंस ते बरं केलंस. फोनवर आपण जोड्यांच्या मापापलीकडे कधी जातच नाही. "बरी आहेस ना", "बरी आहे", की झालं.

तर माझ्या पायाचं. ऑपरेशनला चौदा वर्षं होऊन गेली, आता पाय कसा आहे ते नीट सांग, म्हणजे मला ठरवता येईल, असं तू लिहिलंयस. नीट सांगते.

एक म्हणजे, डाव्या अंगठ्याच्या आतल्या बाजूला एक पट्टा बधिर आहे. तिथे टाचणी पडली तरी मला कळत नाही, आणि आमच्या धंद्यात टाचण्या पडतच असतात. थंडी पडली की आतला स्क्रू आपण असल्याची आठवण करून देतो. अंगठा वर पूर्ण वळत नाही. चवड्यावर उभं राहायचं तर सगळा भार बाकीच्या बोटांवर जातो, म्हणून दुसऱ्या बोटाखाली घट्टा पडतो आणि तो मला दर थोड्या दिवसांनी घासावा लागतो. सूज किती दिवस असते ते विचारू नकोस, डॉक्टर सांगतात त्याच्या दुप्पट धर. आणि मुख्य म्हणजे अंगठा पुन्हा शेजारच्या बोटाकडे झुकला. पूर्वीइतका नाही, पण झुकलाय. एवढं हाड कापून, सरळ करून, स्क्रूने आवळून शेवटी तो गेलाच आपल्या वळणावर.

म्हणून म्हणते, घाई करू नकोस. तुझी खुंटी, अंगठ्याच्या बुडाशी बाहेर आलेलं ते हाड, एकाच पायाला आहे. आईने मला दोन्ही पायांना दिली, तुला एकच, धाकटी म्हणून तुला तिने तिथेही सांभाळून घेतलं. तिच्याकडे आपल्याला द्यायला दागिने नव्हते, खुंट्या होत्या. बाबा म्हणायचे तसं, "पिशवी अडकवायची सोय झाली." तू दिवसभर अनवाणी असतेस, बुटात पाय कोंबायची वेळ तुझ्यावर येते कितीशी?

परवा दुकानाच्या माळ्यावरून जुन्या गुंडाळ्या काढल्या. मास्तरांचा जीव खाली टांगणीला, मी वर शिडीवर. संध्याकाळी बाजारातून भाजी घेऊन नदीच्या बाजूने लांबून चालत आले, हवा छान होती. हे आपलं सहज लिहिलं.

जोडे घ्यायला पुढच्या महिन्यात नेहमीसारखं त्या मधल्या गावच्या दुकानात भेटू. मागच्या खेपेला तो विक्रेता म्हणाला होता ते आठवतं का? "आल्या, एका जोड्यात दोघींचा पाय अडकलेल्या." नव्या पोरीला तो समजावून सांगत होता की या बहिणी एकाच तऱ्हेचे दोन जोड घेतात, एक लहान मापाचा, एक मोठ्या, आणि मग इथेच बाकावर बसून अदलाबदल करतात. मोठीला डावा लहान लागतो आणि उजवा मोठा, धाकटीला बरोबर उलटं. ती पोरगी आपल्याकडे असं बघत होती की आपण बूट चोरायला आलोय. यंदा काळे घेऊ या की तपकिरी, ते कळव. तपकिरी लवकर मळत नाहीत.

ऑपरेशन केलंस तर नंतर शेजारीण बघेल म्हणतेस. ती चांगली बाई आहे. बरं.

पायाला रोज तेल लाव आणि विचार कर.

तुझी,
ताई


शुक्रवार, ९ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मी एकदा घरी वाचलं आणि एकदा तलावावर, पोरं पाण्यात खेळत असताना. दोन्ही वेळा मला एकच वाटलं. मी एक विचारलं आणि तू दुसरंच सांगितलंस.

मी विचारलं होतं, दुखतं का. पूर्वी तुला दुखायचं ते मला माहीत आहे. दुकानातून आल्यावर तू बूट काढून भिंतीला पाय लावून बसायचीस, आणि कोणी काही विचारलं तर अंगावर यायचीस. ते गेलं की नाही? तू बधिर पट्टा सांगितलास, घट्टा सांगितलास, स्क्रूचा स्वभाव सांगितलास. दुखतं की नाही हे काही पत्रात सापडलं नाही. आणि शिडीवर चढून गुंडाळ्या उतरवणारी, नदीच्या बाजूने लांबून येणारी बाई कोण होती? तुझीच सही होती खाली.

आता माझं ऐक. मी तुला अर्धंच लिहिलं होतं.

बूट घालायला त्रास होतो हे खरं, पण त्याचं मला एवढं नाही. त्रास काठावर होतो. सूर मारताना पायाचा अंगठा काठाच्या कडेला धरावा लागतो. तो धरला नाही तर पाय सरकतो. माझा डावा अंगठा आता दुसऱ्या बोटाच्या खाली जाऊन बसलाय, तो काही धरत नाही, आणि जोर दिला की खुंटीतून कळ येते ती थेट गुडघ्यापर्यंत. गेल्या हिवाळ्यापासून मी सूर मारलेला नाही. कोणाला सांगितलं नाही. मी पोरांना काठावर उभं करते, हात कसे, मान कशी, कंबर कशी ते तोंडाने सांगते आणि स्वतः पायऱ्यांनी पाण्यात उतरते, म्हाताऱ्या बायका उतरतात तशी.

मागच्या आठवड्यात एका चिमुरडीने सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, तुम्हाला येतं का हे?" तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, चेष्टा नव्हती. मी म्हटलं, येतं. ती म्हणाली, "मग दाखवा ना." मी शिट्टी वाजवली आणि त्यांना पाण्यात पिटाळलं.

आमच्या साहेबांच्याही लक्षात आलंय. ते चांगले आहेत, पण त्यांनी मला पुढच्या हंगामात ऑफिसात बसायला विचारलं. नावं लिहायची, टॉवेल मोजायचे. ताई, मी वयाच्या सातव्या वर्षापासून पाण्यात आहे. तूच मला बेडकी म्हणायला लागलीस. टॉवेल मोजणारी बेडकी तू पाहिलीस का कधी?

डॉक्टर म्हणतात, करून टाका, चांगलं होईल. पण त्यांना ते म्हणायलाच हवं. शेजारीण म्हणते, तिच्या मावसबहिणीने केलं आणि पस्तावली. ती मावसबहीण मला भेटायला मिळत नाही. माझ्या ओळखीत हे ऑपरेशन होऊन एवढी वर्षं काढलेली तू एकटीच आहेस. महिन्याअखेरीला मला हो किंवा नाही कळवायचंय. तू स्पष्ट नको म्हणालीस तर मी नाही करणार, बसेन टॉवेल मोजत. पण नीट विचार करून नको म्हण. तेलबिल लावून भागणार नाही.

आणि हो म्हणालीस तरी तू इकडे येऊ नकोस. तुझं दुकान आहे. माझं मी बघेन, शेजारीण आहे. तुला यायचा त्रास नको.

जोडे काळे.

बेडकी


सोमवार, १२ फेब्रुवारी

प्रिय बेडके,

पत्र आज दुपारी आलं. मी मशीन बंद करून दुकानातच उत्तर लिहायला बसलेय. मास्तर विचारताहेत, काय झालं. म्हटलं, बहिणीने खरडपट्टी काढलीय. ते म्हणाले, "मग बरोबरच असेल." या वयात त्यांनासुद्धा तुझी बाजू घ्यायचीय.

दुखत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे, आणि ते मी पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. पूर्वीचं ते दुखणं, बूट काढल्यावर पाय ठणकायचा ते, पूर्ण गेलं. पहिलं वर्ष कंटाळवाणं होतं, सूज, जडपणा, कडक तळाच्या बुटात टाचेवर बदकासारखं चालणं, सगळं झालं. पण त्यानंतर एक दिवस मी संध्याकाळी घरी येऊन चहा टाकला आणि चहा उकळेपर्यंत माझ्या लक्षात आलं की मी बूट काढायला विसरलेय. त्या दिवशी मला रडू आलं होतं. तेव्हा तुला सांगायला हवं होतं, पण तेव्हा आपण बोलत नव्हतो.

बधिर पट्टा, स्क्रू, घट्टा हे सगळं खरं आहे, मी खोटं काही लिहिलं नाही. पण ते मी जेवताना वरून मीठ घ्यावं लागावं तेवढंच मनावर घेते. उजवा पाय मी केला नाही, कारण माझं मशीन त्या पायाने चालतं आणि तो मला तितका छळतही नाही. नाहीतर तोही केला असता.

तुझं पत्र वाचून मी एक उद्योग केला. दुकानाच्या पायरीला दगडाची धारदार कड आहे. मी चप्पल काढून डावा अंगठा त्या कडेला लावून बघितला. वर तो वळत नाही हे तुला सांगितलंच, पण खाली वळतो. कड धरतो. मी वाकून हात पुढे केले, तू पोरांना शिकवतेस तसे. मास्तर आतून म्हणाले, "काय बाई, उडी मारताय का? मापं तेवढी लिहून ठेवा आधी." समोरचा किराणावालाही बाहेर येऊन बघायला लागला. मला पोहता येत नाही, सूर काय असतो मला माहीत नाही, तेव्हा तुला तो मारता येईलच असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. ते डॉक्टरांना विचार, आणि चालण्याबद्दल विचारू नकोस, सूर मारण्याबद्दल विचार. पण चौदा वर्षं जुना, अंगठा थोडा झुकलेला पाय कड धरतो, एवढं मी स्वतः बघितलंय.

आता झुकलेल्या अंगठ्याचं. इथेच माझं पत्र पहिल्यांदा अडलं होतं. चार दिवस मी उशीर केला तो गणवेशांमुळे नव्हे.

तुझं पहिलं पत्र आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, मी इथल्या नव्या डॉक्टरीणबाईंना पाय दाखवला. तुझ्यासाठीच दाखवला. त्यांनी फोटो काढला, उजेडात धरला आणि विचारलं, "ऑपरेशननंतर लवकर चालायला लागला होतात का?" मी म्हटलं, हो. जुन्या डॉक्टरांनी हेच विचारलं होतं, तेव्हा मी नाही म्हणाले होते. या म्हणाल्या, "काम चांगलं झालेलं आहे. हाड जुळायच्या आधी त्यावर भार आला, म्हणून थोडं सरकून जुळलं. आराम केला असता तर सरळ राहिलं असतं." तेव्हा अंगठा झुकला तो ऑपरेशनमुळे झुकला नाही. हे मला आधीपासून माहीत होतं, आणि तरी मी तुला तो असा दाखवला की ऑपरेशनच फसलं.

का, ते सांगायचं म्हणजे त्या दिवसाबद्दल लिहावं लागतं, आणि आपण दोघींनी तो दिवस आजवर चिमट्यानेही उचलला नाही.

तू माझ्याकडे आली होतीस. माझा पाय उशीवर, आणि तू माझ्या स्वयंपाकघरात भांडी आपटत होतीस, कारण माझ्या घरात तुला काही जागच्या जागी सापडायचं नाही. आई तिकडे घरी, शेजारीण तिच्यावर लक्ष ठेवून. सकाळी फोन तू घेतलास. मी पलंगावरून तुझी पाठ बघितली आणि मला कळलं. तू पिशवीत कपडे भरताना एवढंच म्हणालीस, "आई गेली. तू या पायाने येऊ नकोस. मी आहे." आणि गेलीस. त्यात तुझं काही चुकलं नाही. मी तुझ्या जागी असते तर तेच केलं असतं.

पण मला राहवलं नाही. तीही माझी आई होती.

डॉक्टरांनी त्या कडक बुटाशिवाय पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावलं होतं. तो बूट घालून बसची पायरी चढता येईना. तळ लाकडी, वाकतच नाही. कुबड्या धरू की दांडा धरू? एक बस माझ्या डोळ्यांदेखत गेली. मग मी थांब्यावरच्या बाकावर बसून बूट काढला, पिशवीत टाकला, बॅंडेजवर चप्पल घातली, वरून ओढणीने बांधली आणि पुढच्या बसमध्ये चढले. जागा नव्हती, उभी राहिले. तुमच्या थांब्यावर उतरले तेव्हा रिक्षा एकही नव्हती. चालत आले. किती वेळ लागला ते आठवत नाही, प्रत्येक फाटकाला टेकत होते एवढं आठवतंय. कोपऱ्यावर आल्यावर मी चप्पल काढून पुन्हा तो बूट चढवला, म्हणजे तुला कळू नये.

तू दारात उभी होतीस. सगळे माझ्यासाठी थांबले होते आणि ऊन कलायला लागलं होतं. तू म्हणालीस, "आलीस एकदाची."

एवढंच. दुसरं काही नाही. मी म्हटलं, डॉक्टरांना विचारूनच आले, आणि आत गेले.

मला तेव्हा तुला सांगता आलं असतं. पण तू आधीच माझ्या पायापायी आईजवळ नव्हतीस. त्यात "बघ, मी माझा पायही मोडून घेतला" असं कसं सांगू? तू स्वतःलाच खात बसली असतीस. आणि खरं लिहायचं तर मला रागही आला होता. एवढं चालून आले आणि ही म्हणते, एकदाची. राग आणि दया दोन्ही एकदम आल्यावर माणसाने तोंड बंद ठेवावं, तसं मी ठेवलं. ते उघडायला मग जमलंच नाही.

मग ते दोन जोड. मला डाव्याला लहान, उजव्याला मोठा लागायला लागला, तेव्हा नाइलाजाने दोन जोड घेतले आणि उरलेले दोन बूट टाकवेनात. एकदम आठवलं, हे तर तुझ्या पायांचं माप. चिठ्ठी न लिहिता पार्सल केलं. तुझा फोन आला, "बसले." किती महिन्यांनी तुझा आवाज ऐकला होता. त्या दिवसापासून आपण बहिणी आहोत त्या त्या दुकानाच्या बाकावर, वर्षातून एकदा.

म्हणून तू ऑपरेशन म्हणालीस आणि मला आधी तो बाक दिसला. तुझा डावाही लहान झाला की तुला कुठल्याही दुकानात एक जोड मिळेल. तुला माझी गरज नाही, मला कारण नाही. घट्ट्यावर आणि स्क्रूवर मी एवढी ओळीमागून ओळ लिहिली ती याच्यासाठी. तुला टॉवेल मोजायला बसवायला निघाले होते मी, एका बाकासाठी.

तर स्पष्ट लिहिते. कर. महिन्याअखेरीची वाट बघू नकोस, उद्या कळव. आणि कडक बूट काढू नकोस, काही झालं तरी, कोणी गेलं तरी.

तू येऊ नकोस लिहिलंयस. का लिहिलंयस ते मी विचारत नाही. पण मी येणार. मास्तरांना सांगून झालंय. ते म्हणाले, गणवेश संपवा आणि जा. तुझ्या स्वयंपाकघरात मला काही जागच्या जागी सापडणार नाही, तेव्हा मीही भांडी आपटेन. दार उघडलं नाहीस तर शेजारणीकडे राहीन आणि भिंतीवरून ओरडून तुला पाय वर ठेवायला सांगेन.

जोड्यांचं आता काही निमित्त उरलं नाही तरी,

तुझीच,
ताई


शनिवार, १७ फेब्रुवारी

ताई,

पत्र काल आलं. वाचून मी तशीच तलावावर गेले. पाण्यातल्या बाईचे डोळे लाल असले तर कोणी विचारत नाही, तेवढी सोय आहे आमच्या धंद्यात.

"आलीस एकदाची" हे मी रागानेच म्हटलं होतं. आता नाही कशाला म्हणू? मला वाटलं, तू मी सांगितलं म्हणून खुशाल पाय वर करून बसलीस, आणि मग लोक काय म्हणतील म्हणून ऊन उतरल्यावर आलीस. मी तुझ्या पायाकडे बघितलंच नाही. दिवसभर पोरांच्या पायांकडे बघणारी मी, कोणाचा घोटा कुठे वळतो ते लांबून सांगते, आणि तू लंगडत दारात आलीस तर मी तोंडाकडे बघत राहिले. तुझं तोंड कोरडं होतं. मला वाटलं, हिला रडूही येत नाही. तुला पायच एवढा दुखत असणार.

मला फार वाईट वाटतंय. त्याचं काय करायचं मला कळत नाही, म्हणून नुसतं लिहिते.

तू येऊ नकोस लिहिलं ते याच्यामुळे, की मी तुला तशी अर्धवट टाकून निघून आले आणि परत डोकावलेही नाही. मग कुठल्या तोंडाने तुला माझा पाय बघायला बोलावू?

आणि आईचं तू मनातून काढून टाक. तिच्यापासून मला तुझ्या पायाने नाही तोडलं. मी तुझ्याकडे यायला कां-कूं करत होते, तिनेच मला घालवलं. म्हणाली, "तिच्या पायात माझंच हाड गेलंय. मला वाकून काही करता येत नाही, तू जा आणि तिला चालती करून ये." मी हे तुला कधी सांगितलं नाही. सांगायची वेळ आली तेव्हा ती गेली होती आणि आपण बोलत नव्हतो. तिला तू चालती झालीस हे कळायला हवं होतं.

डॉक्टरांना सकाळीच हो कळवलं. सूर मारण्याबद्दल विचारलं, तू सांगितलंस तसं. ते आधी हसले, मग त्यांनी माझा अंगठा हातात घेऊन खालीवर करून बघितला. म्हणाले, हमी देत नाही, पण नीट बरा होऊ दिलात आणि व्यायाम सोडला नाहीत तर प्रयत्न करायला हरकत नाही. मला एवढं पुरे आहे. त्या चिमुरडीला सांगितलं, पुढच्या वर्षी दाखवते. ती म्हणाली, "नक्की?" म्हटलं, माझी ताई येणार आहे, ती मला उठू देणार नाही, त्यामुळे नक्की.

भांडी खालच्या फळीवर आहेत. चहाचा डबा आई ठेवायची तिथेच.

आणि एक गोष्ट तू लिहून स्वतःच विसरलीस. सूज डॉक्टर सांगतात त्याच्या दुप्पट धर म्हणालीस ना? ते म्हणाले, पायाची सूज पूर्ण उतरायला वर्ष लागू शकतं, तोवर डावा बूट सैलच घ्या. म्हणजे आपल्याला त्या बाकावर जायचंच आहे. दुप्पट धरलं तर पुढच्या वर्षीही. त्यानंतर तुझे उरलेले दोन बूट मी विकत घेईन आणि घरात नुसते ठेवीन, पण तुला एकटीला दोन जोड घेऊ देणार नाही.

काळेच घेऊ. लवकर ये.

तुझी,
अजून डावा मोठा, उजवा लहान असलेली,
बेडकी